आरसिस्लॉग ८: लॉग सर्व्हरसाठी दमदार, पण डिफॉल्टवर सोडू नका

लिनक्सवर सेंट्रल लॉग सर्व्हर, म्हणजे सगळ्या मशीनच्या नोंदी एका जागी जमवणारा सर्व्हर, उभारायचा म्हटलं की नोंदी घेणाऱ्या, गाळणाऱ्या आणि पुढे पाठवणाऱ्या आरसिस्लॉगचं नाव आधी निघतं, आणि बहुतेक वेळा ते मशीनवर बसलेलंच असतं. उबंटू आणि रेड हॅटच्या सर्व्हरवर ते सोबत येतं. डेबियनने २०२३मध्ये आलेल्या आवृत्ती १२पासून ते आपोआप बसवणं थांबवलं, तिथे पॅकेज वेगळं टाकावं लागतं. हा आढावा आवृत्ती ८चा आहे, आणि तो एकट्या मशीनसाठी नाही. पन्नास-शंभर सर्व्हर, फायरवॉल आणि स्विच ज्याच्याकडे लॉग पाठवतात, अशा सर्व्हरवर हे सॉफ्टवेअर कसं वागतं ते इथे पाहू.

निकाल आधीच सांगतो. इंजिन उत्तम आहे. साध्या हार्डवेअरवर सेकंदाला हजारो नोंदी ते सहज पचवतं, मोफत आहे, आणि वीस वर्षांहून जास्त काळ त्याची देखभाल नीट होते आहे. पण सोबत येणारी सेटिंग्ज एकट्या मशीनला बेतून ठेवलेली आहेत. त्यांच्या भरवशावर मोठा लॉग सर्व्हर चालवला तर नोंदी गुपचूप गळतात, नाहीतर लॉगपायी बाकीची कामं अडून बसतात. हे दोन्ही टाळता येतं, आणि ते मुख्यतः क्यू, म्हणजे नोंदींची रांग, कुठे ठेवली यावर ठरतं.

राइनर गेरहार्ड्स यांनी २००४मध्ये सिसक्लॉगडी या जुन्या लॉग प्रोग्रामच्या कोडवरून हे काम सुरू केलं. सिस्लॉग नोंदीचा आजचा प्रमाण आराखडा, २००९चा आरएफसी ५४२४, हाही त्यांनीच लिहिला. प्रोटोकॉल लिहिणारा आणि सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूस एकच असल्याचा फायदा जागोजागी दिसतो. प्रोटोकॉलच्या कडेकोपऱ्यातल्या बाबी इथे बारकाईने हाताळल्या आहेत.

क्यू: सगळा खेळ इथे आहे

आत आलेली नोंद आधी मुख्य क्यूमध्ये जाते. तिथून ती नियमांतून गाळली जाते आणि मग ॲक्शनकडे जाते: फाइलमध्ये लिहिणं, दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवणं, डेटाबेसमध्ये टाकणं. प्रत्येक ॲक्शनला स्वतःची क्यू देता येते. पण डिफॉल्टमध्ये ॲक्शनच्या क्यूचा प्रकार ‘डायरेक्ट’ असतो, म्हणजे क्यू नसतेच. मुख्य क्यूचा वर्कर थ्रेड (क्यूतून नोंदी उचलून काम करणारा धागा) स्वतःच ॲक्शन पूर्ण करतो आणि मगच पुढची नोंद हातात घेतो.

आता समजा, एका मशीनवरून टीसीपीने (आधी जोडणी करून पाठवण्याच्या रीतीने) लॉग पुढे पाठवले जात आहेत आणि पलीकडचा सर्व्हर बंद पडला. ‘ॲक्शन.रिझ्यूमरिट्रायकाउंट’ डिफॉल्ट म्हणजे ० असेल तर ॲक्शन तात्पुरती निलंबित होते आणि त्या काळातल्या नोंदी त्या ॲक्शनपुरत्या टाकून दिल्या जातात. एरर फारशी दिसत नाही. पलीकडे दोन तासांचं भगदाड पडतं, आणि ते कळतं नेमकं त्या दोन तासांची चौकशी निघते तेव्हा. हे टाळायला बरेच जण तो आकडा -१ करतात, म्हणजे जमेपर्यंत प्रयत्न करत राहा. क्यू मात्र डायरेक्टच ठेवतात. मग वर्कर त्या एका ॲक्शनवर अडकतो आणि मागे मुख्य क्यू भरू लागते. ती ५०,००० नोंदींची धरली आणि सेकंदाला २,००० नोंदी येत असल्या, तर २५ सेकंदांत ती काठोकाठ भरते. त्यानंतर प्रत्येक नव्या नोंदीला जागेसाठी २,००० मिलिसेकंदांपर्यंत थांबवलं जातं, हा ‘क्यू.टाइमआउटएनक्यू’चा डिफॉल्ट आकडा. एव्हाना स्थानिक फाइलमध्ये लिहिणंही थांबलेलं असतं, कारण ते करणारा वर्करही तोच.

पुढे काय होतं ते मशीनवर अवलंबून आहे. जुन्या, सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारी लिनक्सची यंत्रणा) नसलेल्या मशीनवर ‘डेव्ह/लॉग’ सॉकेट थेट आरसिस्लॉगच्या हातात असतं. ते तुंबलं की त्यात लिहिणारे प्रोग्राम थांबतात: एसएसएच लॉगिन होत नाही, सुडो लटकतो, क्रॉनची कामं उशिरा सुटतात. लोक नेटवर्क तपासतात, डिस्क तपासतात, आणि दुखणं लॉगिंगमध्ये निघतं. सिस्टमडीच्या मशीनवर मध्ये जर्नलडी हा तिचाच लॉग गोळा करणारा प्रोग्राम असतो. तो थांबत नाही, नोंदी टाकून पुढे जातो आणि ‘फॉरवर्डिंग टू सिस्लॉग मिस्ड’ अशी ओळ आकड्यासह लिहितो. ती ओळ दिसली की आरसिस्लॉग मागे पडतो आहे असं धरून चाला.

उपाय असा. पुढे पाठवणाऱ्या प्रत्येक ॲक्शनला ‘क्यू.टाइप’ लिंक्डलिस्ट द्या. ‘क्यू.फाइलनेम’ला एक वेगळं नाव द्या. हे नाव दिल्याशिवाय क्यू डिस्कवर उतरत नाही, आणि दोन ॲक्शनना एकच नाव चालत नाही. ‘क्यू.मॅक्सडिस्कस्पेस’ला मर्यादा घाला, नाहीतर लांबलेल्या बंद काळात क्यूच डिस्क भरून टाकते. ‘क्यू.सेव्हऑनशटडाउन’ ऑन करा, कारण डिफॉल्टमध्ये ते ऑफ असतं आणि रीस्टार्टच्या वेळी मेमरीतल्या नोंदी जातात. हे सगळं झालं की मगच रिट्राय काउंट -१ करा. ग्लोबल विभागात ‘वर्कडिरेक्टरी’ नेमून द्यायला विसरू नका आणि त्या फोल्डरची मालकी तपासा. उबंटूवर डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम, इथे आरसिस्लॉग) रूट हा सर्वाधिकारी युजर सोडून ‘सिस्लॉग’ नावाच्या युजरखाली चालतो. फोल्डर रूटच्या मालकीचं असेल तर क्यूच्या फाइली बनत नाहीत आणि एरवी सुरळीत चालणारी यंत्रणा नेमकी गरजेच्या दिवशी फसते.

डिस्कवरच्या क्यूच्या मर्यादेचा हिशेब अवघड नाही. सेकंदाला २,००० नोंदी, सरासरी २५० बाइट, म्हणजे सेकंदाला ५ लाख बाइट आणि तासाला १.८ जीबी. पलीकडचा सर्व्हर चार तास बंद राहिला तरी निभवायचं तर ७.२ जीबी लागतात. क्यूच्या फाइलीत प्रत्येक नोंदीसोबत थोडी जादा माहितीही जाते, म्हणून १५ जीबी राखून ठेवलेले बरे.

सेंट्रल सर्व्हरवर आणखी एक गोष्ट हवी. बाहेरून येणाऱ्या नोंदींना स्वतंत्र रूलसेट (नियमांचा संच) बनवा, त्याला स्वतःची क्यू द्या आणि इनपुट त्या रूलसेटला बांधा. तसं केलं की एखादा बिघडलेला स्विच सेकंदाला हजारो ओळी ओकू लागला तरी सर्व्हरच्या स्वतःच्या सुरक्षेच्या नोंदी वेगळ्या वाटेने जात राहतात.

वर्कर थ्रेड वाढवून वेग मिळेल या आशेने ‘क्यू.वर्करथ्रेड्स’ आठ-दहा करणारे पुष्कळ आहेत. सगळ्या नोंदी एकाच फाइलमध्ये जात असतील तर त्याचा उपयोग नाही, कारण त्या फाइलपाशी थ्रेड एकमेकांसाठी थांबतात. वर नोंदींचा क्रम मागेपुढे होतो. फाइली वेगवेगळ्या असतील किंवा पार्सिंग जड असेल तरच थ्रेड वाढवण्यात अर्थ आहे.

वेग नेमका कुठे सांडतो

अंदाजाने सेटिंग्ज फिरवण्याआधी ‘आयएमपीस्टॅट्स’ मॉड्यूल लावा. दर ६० सेकंदांनी आकडे वेगळ्या फाइलमध्ये लिहायला सांगा आणि त्यांचं मुख्य क्यूमधून जाणं बंद ठेवा. क्यूच तुंबली असेल तर तिचं निदानही तिथेच अडकेल. मुख्य क्यूच्या ओळीत ‘साइझ’, ‘एनक्यूड’, ‘फुल’, ‘डिस्कार्डेड.फुल’ आणि ‘मॅक्सक्यूसाइझ’ हे आकडे येतात. ‘साइझ’ दर मिनिटाला चढतच असेल तर बाहेर पडणारा मार्ग अरुंद आहे. ‘डिस्कार्डेड.फुल’ शून्यावरून हलला म्हणजे नोंदी गेल्या, त्या परत मिळणार नाहीत. ॲक्शनच्या ओळीत ‘सस्पेंडेड’ आणि ‘फेल्ड’ पाहा. एवढे पाच-सहा आकडे मॉनिटरिंगला जोडले तर निम्म्या तक्रारी आधीच पकडता येतात. या सॉफ्टवेअरमधली सर्वांत कमी वापरली जाणारी चांगली सोय म्हणून मी याच मॉड्यूलकडे बोट दाखवीन.

नंतर डीएनएस. यूडीपीने (जोडणी न करता पाठवण्याच्या रीतीने) नोंद आली की पाठवणाऱ्याच्या आयपीवरून नाव शोधलं जातं. उत्तरं कॅशमध्ये राहतात, तरी डीएनएस मंदावला की लॉगही मंदावतात. नावांची गरज नसेल तर ‘नेट.एनेबलडीएनएस’ ऑफ करा, नाहीतर मशीनवरच कॅश करणारा रिझॉल्व्हर ठेवा.

फाइल लिहिण्यात ‘फ्लशऑनटीएक्सएंड’ डिफॉल्ट ऑन असतं, म्हणजे प्रत्येक बॅचच्या शेवटी बफर रिकामा होतो. ते ऑफ करून ‘असिंकरायटिंग’ ऑन आणि ‘आयओबफरसाइझ’ ६४के केलं की जास्त गर्दीच्या फाइलीवर फरक स्पष्ट दिसतो. किंमत अशी की मशीन अचानक पडलं तर बफरमधलं जातं, आणि टेल कमांडने फाइल पाहत बसलेल्याला ओळी थोड्या उशिरा, घोळक्याने दिसतात. ऑथच्या लॉगला हे लावू नका. प्रॉक्सी, फायरवॉल, वेब सर्व्हर यांच्या लॉगला चालेल. जुन्या कॉन्फिगमध्ये फाइलच्या नावाआधी वजाचं चिन्ह दिसतं, सिंक टाळण्यासाठी. आज सिंक मुळातच बंद असतो, त्यामुळे त्या चिन्हाने वेगात काही भर पडत नाही.

होस्टप्रमाणे वेगळ्या फाइली करणाऱ्यांना मात्र एक सेटिंग हमखास नडते. ‘डायनाफाइलकॅशसाइझ’ डिफॉल्ट १० आहे. ऐंशी होस्ट असतील तर आरसिस्लॉग दहाच फाइली उघड्या ठेवतो आणि अकरावीसाठी एक बंद करतो, पुन्हा उघडतो, पुन्हा बंद करतो. आयएमपीस्टॅट्समध्ये ‘इव्हिक्टेड’ आकडा भराभर वाढताना दिसतो. हे मूल्य होस्टच्या संख्येपेक्षा थोडं जास्त ठेवा आणि सेवेची उघड्या फाइलींची मर्यादाही त्याबरोबर वाढवा.

यूडीपी घेताना कर्नलचा रिसीव्ह बफर हा अडसर असतो. ‘नेट.कोअर.आरमेम_मॅक्स’ बहुतेक ठिकाणी २१२९९२ बाइट असतो आणि गर्दीच्या झटक्यात तो क्षणात भरतो. ‘नेटस्टॅट’ला ‘-एसयू’ देऊन ‘रिसीव्ह बफर एरर्स’ पाहा. तो आकडा वाढत असेल तर ‘आयएमयूडीपी’चा ‘आरसीव्हीबफसाइझ’ ४ एमबीच्या आसपास न्या आणि ‘थ्रेड्स’ दोन-चार करा. टीएलएस (एन्क्रिप्ट केलेली जोडणी) नको असेल आणि मशीन लिनक्स असेल तर टीसीपीसाठी ‘आयएमपीटीसीपी’ हे मॉड्यूल हलकं पडतं. टीएलएस हवं असेल तर ‘आयएमटीसीपी’ला पर्याय नाही. नियमांमध्ये रेगेक्स (मजकुराचे नमुने जुळवणारी सूत्रं) कमीत कमी ठेवा. ‘प्रोग्रामनेम’ची थेट तुलना किंवा ‘स्टार्ट्सविथ’ पुरतं, आणि सर्वांत जास्त येणाऱ्या नोंदींचा नियम वर ठेवून त्याच्या शेवटी ‘स्टॉप’ लिहिलं की खालचे नियम त्यांच्यासाठी तपासलेच जात नाहीत.

पोहोचलं म्हणजे नक्की काय

यूडीपीने नोंद हरवते हे सगळ्यांना माहीत असतं. साध्या टीसीपीनेही हरवते, हे मान्य करायला लोक तयार नसतात. पाठवणाऱ्याच्या बाजूला ‘सेंड’ यशस्वी झालं याचा अर्थ डेटा स्वतःच्याच कर्नलच्या बफरमध्ये गेला एवढाच. तेवढ्यात जोडणी तुटली तर बफरमधलं गेलं, आणि आरसिस्लॉगच्या लेखी ते पोहोचलेलं असतं. म्हणून या प्रकल्पाने ‘रेल्प’ हा वेगळा प्रोटोकॉल आणला. त्यात पलीकडचा सर्व्हर प्रत्येक नोंदीची पोच देतो आणि पोच न आलेल्या नोंदी पुन्हा पाठवल्या जातात. जोडणी तुटल्यावर एखादी नोंद दोनदा येऊ शकते, ते चालवून घ्यावं. ऑडिटच्या नोंदींसाठी रेल्पशिवाय दुसरं काही निवडू नये, असं माझं ठाम मत आहे. फायरवॉल आणि स्विचना बहुधा रेल्प येत नाही. त्यांच्यासाठी त्याच नेटवर्कमध्ये जवळ एक छोटा रिले ठेवा आणि रिलेपासून पुढे रेल्प वापरा.

सुरक्षा

लॉग घेणारा प्रोग्राम म्हणजे अनोळखी माणसाने पाठवलेला मजकूर वाचणारा, सीमध्ये लिहिलेला आणि बऱ्याच वितरणांत रूटच्या हक्काने चालणारा प्रोग्राम. या नजरेने त्याच्याकडे पाहायला हवं.

२०२२चा सीव्हीई-२०२२-२४९०३ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा त्रुटीचा क्रमांक) हे चांगलं उदाहरण आहे. टीसीपीवर नोंद पाठवण्याची एक रीत अशी की आधी नोंदीची लांबी अंकांत, मग एक जागा, मग नोंद. लांबीच्या कमाल मर्यादेची तपासणी कोडमध्ये होती, पण मर्यादा ओलांडल्यावरही येणारे अंक मेमरीतल्या हीप बफरमध्ये लिहिले जात राहायचे. अंकांची लांबलचक रांग पाठवली की बफर फुटायचा, तेही कुठल्याही लॉगिनशिवाय. ८.२२०४.१मध्ये दुरुस्ती आली. लगेच अपडेट जमत नसेल तर ‘सपोर्टऑक्टेटकाउंटेडफ्रेमिंग’ ऑफ करणं हा तात्पुरता उपाय होता. ते ऑफ केलं की या रीतीने पाठवणाऱ्या मशीनच्या नोंदी विस्कटतात, हे लक्षात ठेवावं लागतं. रेड हॅट, डेबियन आणि उबंटू जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती भरून देतात. त्यामुळे केवळ आवृत्तीचा आकडा पाहून ‘आपण धोक्यात आहोत’ किंवा ‘सुरक्षित आहोत’ ठरवू नका, पॅकेजचा चेंजलॉग वाचा.

त्याआधी २०१४मध्ये नोंदीच्या सुरुवातीच्या प्रायॉरिटी आकड्यावरून असंच घडलं होतं. वैध कमाल मूल्य १९१ आहे, त्यापुढचा आकडा आला की ॲरेच्या बाहेरची मेमरी वाचली जायची. पहिली दुरुस्ती अपुरी ठरली आणि दुसरा सीव्हीई काढावा लागला. २०१९मध्ये सिस्को आणि एआयएक्सच्या खास पार्सर मॉड्यूलमध्ये हीप ओव्हरफ्लो सापडले, आणि ती मॉड्यूल लोड न केलेल्यांना त्यांचा काही त्रास झाला नाही. त्यातून सरळ नियम मिळतो: जे मॉड्यूल लागत नाही ते कॉन्फिगमधून काढा, पॅकेज म्हणून वेगळं असेल तर उडवा.

प्रिव्हिलेज ड्रॉप चालू ठेवा. पोर्ट उघडून झाल्यावर डीमन साध्या युजरवर उतरतो, म्हणून ५१४ पोर्टला अडचण येत नाही. सिस्टमडीच्या ओव्हरराइड फाइलमध्ये ‘प्रोटेक्टहोम’, ‘प्रायव्हेटटीएमपी’ आणि ‘नोन्यूप्रिव्हिलेजेस’ लावता येतात. लॉग होम फोल्डरमध्ये लिहीत असाल तर पहिलं लावल्याबरोबर ते थांबेल. रेड हॅटवर नेहमीपेक्षा वेगळा पोर्ट घेतला तर एसईलिनक्स हा सुरक्षेचा पहारा अडवतो. ‘सेमॅनेज पोर्ट’ने तो ‘सिस्लॉगडी_पोर्ट_टी’ या प्रकारात टाका, एसईलिनक्स बंद करू नका.

टीएलएस लावताना पोर्ट ६५१४ आणि ऑथमोड ‘एक्स५०९/नेम’ ठेवा, आणि परवानगी असलेल्या सर्व्हरची नावं लिहा. ‘अनॉन’ मोडमध्ये मजकूर एन्क्रिप्ट होतो खरा, पण समोर कोण आहे ते तपासलं जात नाही, म्हणजे कोणीही तुमच्या सर्व्हरमध्ये खोट्या नोंदी ओतू शकतो. सर्टिफिकेटच्या मुदतीचा अलार्म वेगळा ठेवा. मुदत संपली की सगळ्या मशीनच्या क्यू एकाच रात्री भरू लागतात.

ज्याकडे जवळपास सगळेच दुर्लक्ष करतात ती बाब फाइलच्या नावाची. टेम्प्लेटमध्ये ‘होस्टनेम’ वापरून फाइल बनवली तर ते नाव पाठवणाऱ्याने नोंदीत लिहिलेलं असतं, म्हणजे ते त्याच्या हातात आहे. कोणी रोज हजार नवी नावं पाठवली तर हजार फाइली बनतील आणि आयनोड (डिस्कवर प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी) संपतील. त्याऐवजी ‘फ्रॉमहोस्ट-आयपी’ घ्या. ‘प्रोग्रामनेम’सारखं काही घ्यायचंच असेल तर ‘सेकपाथ-रिप्लेस’ जोडा, त्यामुळे नावातले तिरपे दंड अंडरस्कोअर होतात आणि फोल्डरबाहेर लिहिण्याचा मार्ग बंद होतो. कंट्रोल कॅरेक्टरचं एस्केपिंग डिफॉल्ट चालू असतं. नव्या ओळीचं ‘#०१२’ होतं, जावाचे स्टॅक ट्रेस त्यामुळे वाचायला कुरूप दिसतात आणि मग कोणीतरी ते बंद करतं. करू नका. ते बंद झालं की एका नोंदीत नवी ओळ घुसवून ‘ॲक्सेप्टेड पासवर्ड फॉर रूट’ अशी बनावट ओळ तयार करता येते.

जर्नलडीसोबत

रेड हॅटवर ‘आयएमजर्नल’ मॉड्यूल जर्नलमधून नोंदी उचलतं. ते सॉकेटवरून थेट घेण्यापेक्षा हळू आहे. शिवाय इथे दोन वेगवेगळ्या वेगमर्यादा असतात, त्यापुढच्या नोंदी टाकल्या जातात: जर्नलडीची ३० सेकंदांत एका सेवेमागे १०,००० नोंदींची, आणि आयएमजर्नलची ६०० सेकंदांत २०,००० नोंदींची. दुसरीचा हिशेब काढून पाहा, तो सेकंदाला सरासरी ३३ नोंदींवर येतो. बोलक्या डेटाबेस सर्व्हरला हे अजिबात पुरत नाही. एक आकडा वाढवून दुसरा तसाच ठेवला तर गळती चालूच राहते, दोन्ही मिळून ठरवा.

खटकणाऱ्या गोष्टी

कॉन्फिगच्या तीन पिढ्या एकाच फाइलमध्ये नांदतात: जुन्या सिस्लॉगच्या ओळी, डॉलर चिन्हाचे डायरेक्टिव्ह आणि नवी रेनरस्क्रिप्ट. डॉलरवाल्या ओळींचा अर्थ त्या कुठल्या क्रमाने आल्या यावर बदलतो, आणि नेटवर सापडणारी निम्मी उदाहरणं त्याच भाषेत आहेत. नवीन काम रेनरस्क्रिप्टमध्येच करा आणि प्रत्येक बदलानंतर ‘आरसिस्लॉगडी -एन१’ चालवून तपासा. मात्र ही तपासणी व्याकरण पाहते. क्यूचं फोल्डर लिहिण्याजोगं आहे का, पलीकडचा पोर्ट उघडा आहे का, हे ती सांगत नाही. दस्तऐवज विपुल आहेत, पण विखुरलेले. कॉन्फिगच्या वाचनीयतेत सिस्लॉग-एनजी हा दुसरा लॉग प्रोग्राम उघडच सरस आहे, आणि शून्यापासून सुरुवात करणाऱ्याने तेही पाहावं. आरसिस्लॉगची बाजू क्यूवरच्या बारीक नियंत्रणाने आणि रेल्पने जड होते.

भारतात सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी एक हिशेब. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि सर्व्हरची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी जुळवायची असतात. वर धरलेल्या सेकंदाला २,००० नोंदींच्याच वेगाने दिवसाला ४३.२ जीबी, म्हणजे १८० दिवसांना सुमारे ७.८ टीबी, कॉम्प्रेशनआधी. लॉगरोटेट या जुन्या लॉग फाइली बाजूला सारणाऱ्या साधनात रोजची फाइल कॉम्प्रेस करा आणि पोस्टरोटेटमध्ये आरसिस्लॉगला एचयूपी (फाइली पुन्हा उघड असं सांगणारा) सिग्नल जातो का ते तपासा. तो गेला नाही तर डीमन जुन्याच फाइल हँडलवर लिहीत राहतो, आणि ती फाइल पुसली असली तरी जागा सुटत नाही. ‘डीएफ’ डिस्क भरलेली दाखवतो आणि ‘डीयू’ रिकामी. अशा वेळी ‘एलएसओएफ’ला ‘+एल१’ देऊन पाहा, पुसलेली पण उघडी राहिलेली फाइल लगेच सापडते. आणि नोंदींच्या वेळा आरएफसी ३३३९च्या स्वरूपात, टाइमझोनसह लिहा. जुन्या स्वरूपात वर्षच नसतं.